पौंडरीक : एका आडनावाचा मागोवा

जयपूर शहराच्या उत्तरेस, गढ गणेशाच्या डोंगराच्या पायथ्याशी, ब्रह्मपुरी नावाची जुनी वस्ती आहे. भाद्रपदात आपल्या मंडळातील कुटुंबे सोंड नसलेल्या त्या बालगणेशाच्या दर्शनाला डोंगर चढतात, तेव्हा त्यांची वाट या वस्तीच्या अंगाने जाते. येथील एका वाड्याला लोक 'पुंडरीकजी की हवेली' म्हणतात. हवेलीतील एका दालनाच्या भिंतींवरील रंगीत चित्रांमुळे तिचे नाव राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित वास्तूंच्या यादीत समाविष्ट झाले आहे. आम्ही स्वतः कित्येक वर्षे या हवेलीवरून गेलो. ती कोणा राजपुरोहिताची असावी एवढीच आमची समजूत होती. 'पुंडरीकजी' हे नाव ऐकून हा मनुष्य आपल्यापैकीच एक, असे आमच्या मनातही आले नाही.

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'जयपुरातील पहिला मराठी माणूस' या विषयावर काही लिहावे अशी सूचना आली, तेव्हा आम्ही प्रथम रेल्वे, बँका, विद्यापीठ आणि सरकारी कचेऱ्या यांच्या दिशेने पाहू लागलो. आपल्यापैकी बहुतेकांचे वाडवडील त्याच मार्गाने येथे आले. परंतु शोध जसजसा मागे गेला तसतशी ही सीमा ओलांडून आम्ही थेट अठराव्या शतकात, सवाई जयसिंगाच्या दरबारात जाऊन पोहोचलो. तेथे आम्हांस भेटले रत्नाकरभट्ट पौंडरीक. आमचे त्यांचे रक्ताचे नाते नाही. तरीही दूर देशी येऊन राहिलेल्या मराठी मंडळींचे काही सामाईक पूर्वज असू शकतात असे मानले, तर या शहरात तो मान प्रथम त्यांच्याकडे जातो. हा लेख त्यांच्याविषयी, आणि त्यांच्याहूनही अधिक त्यांच्या आडनावाविषयी आहे.

आडनाव उलगडताना आमची पहिलीच पायरी चुकली, हे कबूल केले पाहिजे. 'पुंडरीक' म्हटले की मराठी कानाला 'पुंडलिक' ऐकू येतो. पंढरीच्या संस्कृत माहात्म्यात पुंडलिकाचे नाव पुंडरीक असेच येते. तेव्हा हे घराणे पंढरपूरचे असणार, विठ्ठलभक्तीची परंपरा घेऊन ते उत्तरेत आले असणार, असा तर्क आमच्यापैकी एकाने मांडला आणि आम्हा सर्वांस तो अतिशय आवडला. दोन आठवडे आम्ही त्या आनंदात होतो. अडचण एवढीच, की जुन्या संस्कृत ग्रंथात या पुरुषाचे नाव 'पुंडरीक' नाही, 'पौंडरीक' आहे. 'पुंडरीक' म्हणजे पांढरे कमळ, आणि 'पौंडरीक' हे एका यज्ञाचे नाव. या एका औकारात घराण्याचा सारा इतिहास साठवलेला आहे. ढूंढाडच्या बोलीत तो औकार झिजून गेला, 'पुंडरीकजी' रूढ झाले, आणि तीनशे वर्षांनी आमच्यासारख्या हौशी संशोधकांची फसगत होण्याची सोय झाली.

रत्नाकरभट्टांच्या वडिलांचे नाव देवभट्ट. घराणे महाराष्ट्रीय ब्राह्मणांचे, काशीत विद्येसाठी राहिलेले, आणि मूळचे आडनाव 'महाशब्दे' असे सांगितले जाते. हे आडनाव मराठी कुटुंबांतून आजही आढळते. ते कसे आले असावे याविषयी एक तर्क करण्याजोगा आहे. शिलाहारांसारख्या मांडलिक राजांच्या ताम्रपटांत 'समधिगतपंचमहाशब्द' अशी एक बिरुदावली वारंवार येते. शंख, भेरी वगैरे पाच वाद्ये आपल्यापुढे वाजविण्याचा मान ज्याला सार्वभौम राजाकडून मिळाला, तो हे बिरुद लावी. त्या मानाशी 'महाशब्दे' या नावाचा काही धागा जुळत असावा असे वाटते. मात्र याला तर्काहून अधिक वजन देऊ नये. आडनावांच्या व्युत्पत्तीत राजवाड्यांसारखा व्यासंगी पुरुषही कधी कधी कल्पनेच्या घोड्यावर स्वार होई, तेथे आमची काय कथा!

महाशब्द्यांचे पौंडरीक कसे झाले, याचे उत्तर मात्र सरळ आहे. रत्नाकरभट्टांनी पौंडरीक नावाचा सोमयाग केला, आणि त्या यागाचे नाव त्यांना चिकटले ते कायमचे. श्रौत परंपरेत सोमयागांची वर्गवारी सोमरस काढण्याच्या दिवसांवरून करतात. एका दिवसाचा तो एकाह, दोन ते बारा दिवसांचे ते अहीन, आणि त्याहून दीर्घ ती सत्रे. पौंडरीक हा अकरा दिवसांचा अहीन याग. सोमयागाला सोळा मुख्य ऋत्विज लागतात, चार वेदांचे जाणकार लागतात, महिनोन्‌महिने तयारी लागते, आणि या सर्वांहून अधिक म्हणजे द्रव्य लागते. अठराव्या शतकाच्या आरंभी असा याग करणारा मनुष्य उत्तर हिंदुस्थानात बोटांवर मोजण्याइतका दुर्मीळ होता. त्यामुळे लोकांनी त्याला त्या कर्माच्या नावाने ओळखावे हे स्वाभाविकच होय. आपल्याकडील दीक्षित, अग्निहोत्री आणि उत्तरेकडील वाजपेयी ही आडनावे याच मार्गाने आली आहेत. पूर्वजाने एकदा केलेली गोष्ट वंशजांनी पिढ्यान्‌पिढ्या नावात वागवायची, असा हा प्रकार आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आपल्या बहुसंख्य आडनावांत गाव असते. 'कर' प्रत्यय लावला की मनुष्य कोठचा हे कळते. जेथे गाव नसते तेथे वतन अथवा व्यवसाय असतो : कुलकर्णी, देशपांडे, जोशी. ही सारी नावे महाराष्ट्रात राहणाऱ्याच्या सोयीची आहेत. गाव सोडून पाचशे कोस दूर गेलेल्या माणसाला, जेथे त्या गावाचे नाव कोणी ऐकलेले नाही आणि त्या वतनाला अर्थ नाही, तेथे ते नाव कितपत उपयोगी पडणार? काशीतील महाराष्ट्रीय पंडितांच्या घराण्यांत याची उदाहरणे दिसतात. महाभारताचे टीकाकार नीळकंठ हे गोदातीरावरील कोपरगावचे. आडनाव चौधरी, काशीच्या पंडितसभेत त्याचे संस्कृत रूप 'चतुर्धर' झाले, आणि आज संस्कृतज्ञ त्यांना नीळकंठ चतुर्धर म्हणूनच ओळखतात. वैयाकरण नागेशभट्टांचे घराणे काळे. परंतु 'परिभाषेन्दुशेखर' शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांना हे काळे ठाऊक असतात? पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यात 'निर्णयसिंधु'कार कमलाकरभट्ट झाले आणि शिवछत्रपतींना १६७४ मध्ये राज्याभिषेक करणारे गागाभट्टही झाले. तेथे तर 'भट्ट' या पदवीनेच आडनावाची जागा घेतली. परमुलखात मनुष्य आपले नाव बदलतो तेव्हा दर वेळी ती लाचारीच असते असे नाही. कित्येकदा ते नाव त्याने नव्याने कमावलेले असते.

रत्नाकरभट्ट आमेरला येण्यापूर्वीही तेथे मराठी पंडित होते. जयसिंगाचे पणजोबा रामसिंग यांच्या आश्रयास विश्वनाथ महादेव रानडे नावाचा एक चित्पावन कवी होता. त्याने 'शृंगारवापिका' नावाची नाटिका लिहिली. ही माहिती उजेडात आणणारे परशुराम कृष्ण गोडे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर होते. पुण्यात बसून त्यांनी पोथ्यांच्या पानांतून आमेर-जयपूरच्या मराठी मंडळींचा जो माग काढला, त्याचे ऋण आपल्या मंडळाने खरे म्हणजे केव्हाच मान्य करावयास हवे होते. रामसिंग म्हणजे तेच, ज्यांच्या पहाऱ्यातून शिवाजीमहाराज १६६६ साली आग्र्याहून निसटले. त्याच रामसिंगाच्या पदरी एक रानडे बसून नाटिका लिहितो, हे चित्र शालेय इतिहासाच्या चौकटीत बसत नाही, पण इतिहासात ते बसते.

सवाई जयसिंगाचा जन्म १६८८ चा. अकराव्या वर्षी बाप गेला आणि गादी त्याच्याकडे आली. राजकारणात तो जितका धोरणी तितकाच शास्त्राचा भुकेला. त्याला वैदिक यज्ञांचे पुनरुज्जीवन करावयाचे होते, व्रतवैकल्यांचे निर्णय शास्त्रशुद्ध करावयाचे होते, ग्रहगणिताचा मेळ आकाशाशी बसवावयाचा होता. या प्रत्येक कामाला माणसे हवी होती. रत्नाकरभट्ट त्याचे गुरू झाले. १७१३ साली त्यांनी 'जयसिंहकल्पद्रुम' हा ग्रंथ पूर्ण केला. तिथी, व्रते, उत्सव यांचा निर्णय सांगणारा तो एक विस्तृत निबंधग्रंथ आहे. एकादशी आज की उद्या, दोन दिवस चतुर्थी आली तर व्रत कोणत्या दिवशी, असे जे प्रश्न आपल्या घरांत दर वर्षी पंचांग उघडून विचारले जातात, त्यांचीच ही शास्त्रीय मीमांसा. राजाच्या नावाने कल्पवृक्ष लावला आणि त्याला फळे लावली ती सामान्य गृहस्थाच्या उपयोगाची, असे या ग्रंथाबद्दल म्हणता येईल.

हवेलीतील चित्रांचे दालन पाहताना मोह होतो, की येथेच रत्नाकरभट्ट बसत असतील, येथेच त्यांनी कल्पद्रुम लिहिला असेल. एका लहानशा टिपणात आम्ही तसे लिहूनही टाकले होते. पण कल्पद्रुम १७१३ चा, आणि जयपूर शहराची स्थापना १८ नोव्हेंबर १७२७ ची. ग्रंथ लिहिला गेला तेव्हा चौपड नव्हती, परकोटा नव्हता, हवामहालाचा तर विचारही नव्हता. राजधानी आमेरच्या डोंगरात होती. आपला हा पूर्वज जयपूरचा नागरिक होण्यापूर्वीच पौंडरीक झालेला होता. मागाहून शहर वसले, यज्ञांसाठी बोलावलेल्या विद्वानांकरिता ब्रह्मपुरी वसली, आणि त्याच्या घराण्याचे नाव तेथील वाड्याला मिळाले.

ब्रह्मपुरीतील दुसरे मराठी घराणे 'सम्राट'. जगन्नाथ सम्राट हे जयसिंगाच्या ज्योतिषमंडळातील अग्रणी. शहराच्या पायाभरणीची पूजा त्यांच्या हातून झाली असे जयपूरची परंपरा सांगते. त्यांच्याविषयी एक आख्यायिका काशीच्या पंडितांत रूढ होती, आणि ती मराठी माणसाला गोड वाटावी अशीच आहे. औरंगजेबाच्या आज्ञेने जयसिंग शिवाजीवर चालून गेला, तेथे त्याला वीस वर्षांचा एक बुद्धिमान ब्राह्मण तरुण भेटला, आणि राजाने त्याला आपल्याबरोबर उत्तरेत आणले, अशी ती कथा.

कथा गोड आहे, पण सनावळी तिला उभी राहू देत नाही. शिवाजीवर चालून गेलेला तो मिर्झाराजा जयसिंग. त्याचा पुरंदरचा तह १६६५ चा, आणि १६६७ साली बऱ्हाणपुरास त्याचा मृत्यू झाला. जगन्नाथांचा आश्रयदाता तो सवाई जयसिंग. त्याचा जन्म झाला तेव्हा शिवछत्रपतींना जाऊन आठ वर्षे लोटली होती. 'सिद्धान्तसम्राट' हा जगन्नाथांचा ग्रंथ १७३२ च्या सुमाराचा. पुरंदरच्या वेळी ते वीस वर्षांचे असते तर हा प्रचंड ग्रंथ त्यांनी सत्त्याऐंशीव्या वर्षी रचला असे मानावे लागेल. दोन जयसिंगांची गल्लत झाली हे उघड आहे.

तथापि आख्यायिका निव्वळ हवेतून येत नाहीत. सवाई जयसिंगही लहान वयात सह्याद्रीत आला होता. १७०२ साली औरंगजेबाने विशाळगडाला वेढा घातला, तेव्हा तेरा वर्षांचा हा कुमार आमेरची फौज घेऊन मोगलांच्या छावणीत होता. गडावर परशुरामपंत प्रतिनिधी होते. कोकणच्या पावसात, चिखलात, तोफांच्या आवाजात त्या मुलाने मराठी मुलूख प्रथम पाहिला. जगन्नाथ त्याला तेथेच भेटले असे आम्ही म्हणत नाही. परंतु 'जयसिंग दक्षिणेत लढाईला गेला होता' ही आठवण जयपुरात खरी होती, आणि त्या खऱ्या आठवणीच्या वेलीवर शिवाजीचे नाव नंतर चढले असावे असे आम्हांस वाटते. कुलवृत्तान्त लिहिणाऱ्या आपल्या सभासदांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येक घरात कोणी ना कोणी पानिपतावर लढलेला असतो, आणि कागद पाहावयास मागितले की चहा येतो.

जगन्नाथांनी युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणली. नसीरुद्दीन तुसी याच्या अरबी संस्करणावरून त्यांनी 'रेखागणित' रचले, पंधरा अध्यायांचे. ते मुंबई संस्कृत मालिकेत १९०१-०२ मध्ये कमलाशंकर प्राणशंकर त्रिवेदी यांनी संपादून छापले. या ग्रंथाच्या प्रस्तावनेत जगन्नाथ काय सांगतात? हे शास्त्र प्रथम ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला सांगितले, परंपरेने ते पृथ्वीवर आले, मग लुप्त झाले, आणि आता जयसिंगाच्या आज्ञेने आपण ते पुन्हा प्रकट करीत आहोत! युक्लिडाचे तेथे नावही नाही. उलट 'सिद्धान्तसम्राटा'त मात्र अरबी भाषेत 'मिजास्ती' नावाचा ग्रंथ आहे, तो आपण संस्कृतात आणीत आहोत, असे ते मोकळेपणाने लिहितात. मिजास्ती म्हणजे टॉलेमीचा ग्रंथ. एकाच लेखकाने परक्या ज्ञानाला एकदा देवादिकांची वंशावळ दिली आणि एकदा त्याचे खरे कुळ सांगितले. ज्याने युक्लिडाला विश्वकर्म्याच्या घराण्यात दत्तक दिले, त्याला पुढच्या पिढ्यांनी शिवाजीच्या मुलखातून पकडून आणवले, यात एक न्यायच आहे म्हणावयाचे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ज्योतिःशास्त्राच्या इतिहासात जयसिंग आणि जगन्नाथ यांची दखल घेतली आहे. मराठीत हा विषय नवा नाही. फक्त जयपुरातील मराठी माणसांपर्यंत तो पोहोचला नव्हता.

'सम्राट' हे आडनाव ऐकले की लोक हसतात. पंडिताला चक्रवर्तीची पदवी कशाला? जंतरमंतरातील भव्य सम्राटयंत्राशीही त्याची सांगड घातली जाते. सुमारे सत्तावीस मीटर उंचीच्या त्या यंत्राच्या सावलीवरून दोन सेकंदांपर्यंत वेळ वाचता येते. यंत्रावरून माणसाचे नाव की माणसावरून यंत्राचे, या वादात पडण्याचे आम्हांस कारण दिसत नाही, कारण आमच्या मते या नावाचे मूळ पुन्हा यज्ञातच आहे. शतपथ ब्राह्मणात स्पष्ट भेद केला आहे की राजसूय करणारा राजा होतो आणि वाजपेय करणारा सम्राट. वाजपेय हा सोमयाग ब्राह्मणालाही करता येतो. त्यात सतरा या संख्येला महत्त्व असते. सतरा रथांची शर्यतदेखील लावतात. ज्या दरबारात एका मराठी पंडिताला पौंडरीक यागामुळे 'पौंडरीक' म्हणत, तेथे दुसऱ्याला वाजपेयामुळे 'सम्राट' म्हणावे, हे आम्हांस अगदी संगतवार दिसते. ही दोन आडनावे शेजारी ठेवून पाहिली म्हणजे एकमेकींचा अर्थ सांगू लागतात.

त्या काळी पुणे आणि जयपूर यांचे अंतर आजच्यापेक्षा कमी होते की काय, असे कधी कधी वाटते. १७३५ साली बाजीरावाच्या मातोश्री राधाबाई काशीयात्रेस निघाल्या. त्या उदयपूर, नाथद्वारा करीत जयपुरास आल्या, आणि जयसिंगाने त्यांचा फार मोठा सन्मान केला. पुढच्याच वर्षी किशनगडजवळ बाजीराव आणि जयसिंग यांची भेट झाली. जयसिंगाचा अश्वमेध याच दशकातला. असा याग खरोखर झाला की नाही याविषयी विद्वानांत शंका होती. गोडे यांनी समकालीन ग्रंथांतील पुरावे जमवून ती दूर करण्याचा प्रयत्न केला. त्या अश्वमेधाचे आमंत्रण काशीच्या नागेशभट्टांनाही गेले होते, अशी परंपरा आहे. आपण क्षेत्रसंन्यास घेतला आहे, काशी सोडून येणार नाही, असे त्यांनी कळविले म्हणतात. ज्यांनी 'येतो' म्हटले त्यांची घरे ब्रह्मपुरीत झाली.

आणि मग १७५१ साल येते. या प्रकरणाला वगळून पुढे जावे असे काही मित्रांनी सुचविले होते. उत्सवाच्या अंकात कडू आठवण कशाला? परंतु पूर्वजांचा शोध घ्यावयाचा तर सोयीचे तेवढेच घेऊन चालत नाही. जयसिंग १७४३ मध्ये वारला. त्याच्या मुलांतील वारसाच्या भांडणात मराठे पडले, खंडण्यांच्या बोली झाल्या, त्या थकल्या. डिसेंबर १७५० मध्ये होळकरांची फौज जवळ आली असता ईश्वरीसिंगाने विष घेऊन प्राण दिला. पुढच्याच महिन्यात, १० जानेवारी १७५१ रोजी, जयपूर पाहावयास म्हणून परकोटाच्या आत आलेल्या मराठ्यांवर शहर उठले. वेशी बंद झाल्या आणि दिवसभर कत्तल चालली. जदुनाथ सरकारांनी मृतांचा आकडा सुमारे तीन हजार दिला आहे. ज्या बाजारांतून आज आपण लाखेच्या बांगड्या आणि सांगानेरी छिटे विकत घेतो, तेच हे रस्ते.

दोष कोणाचा, याचा निवाडा आम्ही येथे करीत नाही. खंडणीसाठी एका राजाला विषाच्या पेल्यापर्यंत नेणारे आपलेच सरदार होते, आणि पाहुणे म्हणून आत आलेल्या निःशस्त्र माणसांना मारणारेही याच शहराचे लोक होते. परंतु एक वस्तुस्थिती आम्हांस बोलकी वाटते. पौंडरीक आणि सम्राट ही घराणी त्या दिवसानंतरही जयपुरात राहिली. परकोटाच्या उत्तरेस, हाकेच्या अंतरावर, मराठी रक्ताची ही घरे उभी होती, आणि शहराच्या लेखी ती 'मराठ्यांची' नव्हती. ती गुरुजींची होती, ज्योतिषीजींची होती. नव्या आडनावाने त्यांना या भूमीत जी जागा दिली होती ती त्या वादळात टिकली. आपल्या मुलांच्या आडनावातील 'कर' शाळेच्या दाखल्यावर गळून पडला म्हणून आपण हळहळतो. ती हळहळ खोटी नाही. आमच्याही घरात ती आहे. मात्र महाशब्द्यांचे पौंडरीक झाले नसते तर हे घराणे या शहरात तीन शतके टिकले असते का, हा प्रश्न ब्रह्मपुरीच्या गल्लीत उभे राहिले की टाळता येत नाही.

या घराण्याने आणखी एक गोष्ट सांभाळली : पोथ्या. जयपूरच्या राजवाड्यातील सुप्रसिद्ध पोथीखान्यात तीन मोठे संग्रह आहेत. त्यांची सूची गोपालनारायण बहुरा यांनी परिश्रमपूर्वक केली. एक खासमोहोर, दुसरा पोथीखाना, आणि तिसऱ्याचे नाव पुंडरीक संग्रह. राजाच्या खासगी मोहरेच्या संग्रहाशेजारी एका पंडित घराण्याचे नाव लागावे, हा मान लहान नाही. वाचकांनी संग्रहाचे हे नाव मोठ्याने उच्चारून पाहावे. येथेही औकार नाही. बोलीने तो घालवला, आणि सूचीने बोली मान्य केली.

जयपूरचे जंतरमंतर २०१० मध्ये आणि परकोटातील शहर २०१९ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. त्यानंतर बाहेरगावच्या पाहुण्यांना शहर दाखविण्याचे काम आपल्या घरोघरी वाढले आहे. आमेर, हवामहाल, जंतरमंतर, मग खरेदी, असा आपला ठरलेला क्रम असतो. या लेखाच्या निमित्ताने आम्ही तो थोडा बदलला. गेल्या हिवाळ्यात पुण्याहून आलेल्या आप्तांना घेऊन आम्ही प्रथम ब्रह्मपुरीत गेलो. हवेलीच्या दारात उभे राहून त्यांना सांगितले, की हे घर एका महाराष्ट्रीय पंडिताच्या नावाचे आहे. पाहुण्यांतील एक वृद्ध गृहस्थ लगेच म्हणाले, "पुंडरीक? म्हणजे पंढरपूरचे काय?" आम्ही हसलो. त्यांना पायरीवर बसविले आणि औकारापासून सुरुवात केली.

मंडळाची सभासदनोंदवही या वर्षी नव्याने लिहावयास घेतली आहे. तीत नाव, पत्ता आणि व्यवसाय या जुन्या रकान्यांबरोबर दोन रकाने अधिक घातले आहेत : 'मूळ गाव' आणि 'आडनाव पूर्वी निराळे असल्यास ते'. पहिला रकाना बहुतेकांनी जागेवरच भरला. दुसरा भरण्यासाठी अनेकांनी वही घरी नेण्याची परवानगी मागितली, गावी पत्रे धाडली, वडीलधाऱ्यांना दूरध्वनी केले. वही अद्याप पुरी परत आलेली नाही. ज्यांच्याकडे ती आहे त्यांनी कृपया पुढील कोजागरीपूर्वी ती कार्यवाहांकडे पोहोचती करावी.